मार्क क्लार्क

मार्क वेन क्लार्क (१ मे, १८९६ – १७ एप्रिल, १९८४) हे अमेरिकेच्या भूसेनेतील सेनापती, ऑस्ट्रियातील अमेरिकेचे उच्चायुक्त आणि साउथ कॅरोलायना राज्यातील द सिटाडेल या सैनिकी महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत त्यांनी पाचव्या सेनेचे आणि पुढे १५व्या सेनासमूहाचे नेतृत्व केले. १९५३ साली कोरियातील शस्त्रसंधीवर संयुक्त राष्ट्रांचे सरसेनापती म्हणून त्यांनी स्वाक्षरी केली. रोम शहर घेणारे सेनापती म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. तथापि रोमकडे वळण्याचा त्यांचा निर्णय आणि त्यापूर्वीचा रॅपिडो नदीवरील हल्ला या दोन गोष्टींवरून झालेला वाद त्यांच्या पुढील सार्वजनिक आयुष्यातही मिटला नाही. रॅपिडोच्या कटू आठवणीची सावली त्यांच्या एका राजनैतिक नेमणुकीवरही पडली.

पूर्वायुष्य

क्लार्क यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील सॅकेट्स हार्बर येथील मॅडिसन बॅरक्स या लष्करी छावणीत झाला. वडील चार्ल्स कार क्लार्क पायदळात अधिकारी होते. आई रिबेका ही रुमानियातून अमेरिकेत आलेल्या ज्यू दांपत्याची कन्या होती. क्लार्क यांनी वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीत शिकत असताना एपिस्कोपल पंथाची दीक्षा घेतली. त्यांचे बालपण इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क येथे गेले.

१९१३ साली ते वेस्ट पॉइंटमध्ये दाखल झाले. तेथे त्यांच्याच कंपनीत दोन वर्षे पुढे असलेल्या ड्वाइट आयझेनहॉवर यांच्याशी त्यांची मैत्री झाली. ती पुढे त्यांच्या कारकिर्दीत मोलाची ठरली. अभ्यासात क्लार्क यांनी विशेष चमक दाखवली नाही. एप्रिल १९१७ मध्ये उत्तीर्ण झालेल्या १३९ छात्रांत त्यांचा क्रमांक ११०वा होता. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये ११व्या पायदळ रेजिमेंटबरोबर होते. जून १९१८ मध्ये व्होज पर्वतराजीत तोफगोळ्याच्या तुकड्यांनी ते जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांची नेमणूक रसदपुरवठ्याच्या कचेरीत झाली आणि युद्धाचा उरलेला काळ तेथेच गेला.

दोन महायुद्धांच्या मधली वर्षे अमेरिकी सेनेतील बहुतेक अधिकाऱ्यांप्रमाणेच त्यांनाही संथ बढतीची गेली. १९३७ नंतर वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट लुईस येथे असताना जॉर्ज मार्शल यांच्याशी त्यांचा संबंध आला. मार्शल सेनेचे प्रमुख झाल्यावर क्लार्क यांना सैन्याच्या प्रशिक्षणाच्या मुख्यालयात जनरल मॅकनेअर यांच्या हाताखाली घेण्यात आले. १९४१ च्या लुइझियानातील प्रचंड युद्धसरावाच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावरून, मधला कर्नलचा हुद्दा ओलांडून, ते थेट ब्रिगेडियर जनरल झाले. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते लेफ्टनंट जनरल आणि मार्च १९४५ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, पूर्ण जनरल झाले. या झपाट्याच्या बढतीमुळे त्यांच्याहून ज्येष्ठ असलेल्या अनेक अधिकाऱ्यांच्या मनात अढी निर्माण झाली.

उत्तर आफ्रिका : पहिल्या वाटाघाटी

क्लार्क यांचे महायुद्धातील पहिले महत्त्वाचे काम रणांगणावरचे नव्हते. ते वाटाघाटींचे होते. उत्तर आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत दोस्त सैन्य उतरवायचे ठरले, तेव्हा तेथील फ्रेंच सैन्य प्रतिकार करील की नाही, हा मुख्य प्रश्न होता. आयझेनहॉवर यांचे उपप्रमुख म्हणून क्लार्क ऑक्टोबर १९४२ मध्ये सेराफ या ब्रिटिश पाणबुडीतून अल्जीयर्सच्या पश्चिमेस असलेल्या शेर्शेलजवळच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरले. तेथे एका एकाकी घरात फ्रेंच जनरल शार्ल मास्त आणि अमेरिकी राजनैतिक अधिकारी रॉबर्ट मर्फी यांच्याबरोबर त्यांची बैठक झाली. पोलीस आल्याची वर्दी मिळताच क्लार्क आणि त्यांचे सहकारी तळघरात लपून बसले. परतताना खवळलेल्या लाटांत त्यांची विजार वाहून गेली. वृत्तपत्रांनी पुढे या विजारीलाच अधिक प्रसिद्धी दिली. आक्रमण किती जवळ आले आहे, हे मात्र क्लार्क यांनी मास्त यांना सांगितले नव्हते.

८ नोव्हेंबर १९४२ रोजी दोस्त सैन्य उतरले. त्या वेळी व्हिशी सरकारचे अ‍ॅडमिरल फ्रान्स्वा दार्लां योगायोगाने अल्जीयर्समध्ये होते. त्यांच्याशी बोलणी करण्याचे काम क्लार्क यांच्याकडे आले. टेबलावर मुठी आपटणे, अटकेची धमकी देणे अशा सरळसोट मार्गाने त्यांनी १० नोव्हेंबरला युद्धबंदीचा आदेश मिळवला. २२ नोव्हेंबरला क्लार्क-दार्लां करार झाला. करारामुळे रक्तपात थांबला. मात्र जर्मनीशी सहकार्य केलेल्या माणसाला सत्तेवर राहू दिल्याबद्दल ब्रिटन आणि अमेरिकेत मोठी टीका झाली. २४ डिसेंबर रोजी दार्लां यांची हत्या झाल्यावर हा पेच आपोआप सुटला.

इटलीची मोहीम

जानेवारी १९४३ मध्ये मोरोक्कोतील उज्दा येथे पाचवी सेना उभी राहिली आणि क्लार्क तिचे सेनापती झाले. ९ सप्टेंबर १९४३ रोजी ही सेना इटलीत सालेर्नो येथे उतरली. जर्मन प्रतिहल्ला इतका जोरदार होता की, सैन्य पुन्हा जहाजांवर चढवण्याची योजना तयार ठेवण्यापर्यंत वेळ आली. आघाडीवर स्वतः वावरून सैनिकांचा धीर टिकवल्याबद्दल क्लार्क यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हा शौर्यसन्मान मिळाला. १ ऑक्टोबरला नेपल्स हाती आले. पुढे मात्र डोंगर, पाऊस, चिखल आणि जर्मनांनी मोंते कासिनोभोवती उभारलेली गुस्ताव तटबंदी यांनी वाट अडवली.

पाचव्या सेनेत अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, मोरोक्कन, अल्जीरियन आणि पुढे ब्राझिलियन पथके होती. अशा मिश्र सेनेचे नेतृत्व करताना प्रत्येक राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा विचार करावा लागे. क्लार्क स्वतःच्या आणि आपल्या सेनेच्या प्रसिद्धीविषयी अतिशय जागरूक होते. त्यांच्याभोवती छायाचित्रकारांचा आणि वार्ताहरांचा ताफा असे आणि ब्रिटिश सहकाऱ्यांच्या हेतूंविषयी त्यांच्या मनात संशय असे. विन्स्टन चर्चिल यांनी त्यांना ‘अमेरिकी गरुड’ असे नाव दिले होते. उंच, सडपातळ बांधा आणि लांब नाक पाहता ते चपखल होते.

रॅपिडो नदी

२२ जानेवारी १९४४ रोजी रोमच्या दक्षिणेस अँझिओ येथे दोस्त सैन्य उतरणार होते. त्याआधी जर्मनांची राखीव दले दक्षिणेकडे ओढून घ्यावीत, या हेतूने क्लार्क यांनी ३६व्या डिव्हिजनला सांतांजेलो गावाजवळ नदी ओलांडण्याचा हुकूम दिला. ही डिव्हिजन मुख्यतः टेक्सास राज्याच्या नॅशनल गार्डमधून उभी राहिलेली होती. अमेरिकी सैन्य ज्या नदीला रॅपिडो म्हणे ती त्या ठिकाणी खरे तर गारी नदी होती. पात्र अरुंद, परंतु प्रवाह वेगवान आणि काठ उभे होते. पलीकडचा किनारा जर्मनांनी पूर्ण तयारीने धरला होता. डिव्हिजनचे प्रमुख जनरल फ्रेड वॉकर यांना हा हल्ला फसणार असे वाटत होते, आणि त्यांनी ते रोजनिशीत नोंदवूनही ठेवले होते.

२० ते २२ जानेवारी या काळात दोन प्रयत्न झाले आणि दोन्ही फसले. ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून १,६८१ सैनिकांची हानी झाली. क्लार्क यांची बाजू अशी की, हल्ल्याचा हेतू साध्य झाला. जर्मनांनी राखीव डिव्हिजन दक्षिणेकडे हलवल्या आणि अँझिओ येथे उतरण्यास जवळजवळ प्रतिकार झाला नाही. टीकाकारांच्या मते मात्र जर्मन राखीव दले त्याआधीच झालेल्या ब्रिटिश हल्ल्यामुळे हलली होती. जानेवारी १९४६ मध्ये ३६व्या डिव्हिजनच्या माजी सैनिकांनी काँग्रेसकडे चौकशीची मागणी केली. प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सुनावणी झाली. युद्धमंत्री रॉबर्ट पॅटरसन यांनी क्लार्क यांची पाठराखण केली आणि त्यांच्यावर ठपका आला नाही. टेक्सासमधील रोष मात्र या निर्णयाने शमला नाही.

या नदीच्या इतिहासात भारतीय सैन्याचाही भाग आहे. मे १९४४ मध्ये आठव्या सेनेतील ८व्या भारतीय डिव्हिजनने सांतांजेलोच्याच परिसरात गारी नदी ओलांडली आणि ते गाव घेतले. या डिव्हिजनमध्ये ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. या वेळी हल्ला संपूर्ण आघाडीवरील मोठ्या चढाईचा भाग होता आणि तोफखान्याचे पाठबळ कितीतरी अधिक होते. त्यामुळे दोन हल्ल्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही.

मोंते कासिनो येथील मठावर १५ फेब्रुवारी १९४४ रोजी झालेली बॉम्बफेकही क्लार्क यांच्या सेनेच्या क्षेत्रातच घडली. ४थ्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख जनरल फ्रान्सिस टकर आणि न्यूझीलंडचे जनरल फ्रेबर्ग यांनी ती मागितली होती. क्लार्क यांचा तिला विरोध होता, परंतु वरिष्ठ जनरल अलेक्झांडर यांनी फ्रेबर्ग यांची मागणी उचलून धरली. आदेश क्लार्क यांच्याच कचेरीतून गेला. पुढे आत्मकथनात त्यांनी ही बॉम्बफेक चूक होती असे स्पष्ट म्हटले.

रोमकडे वळण

मे १९४४ च्या चढाईत अलेक्झांडर यांची योजना अशी होती की, अँझिओच्या तळावरील सैन्याने ईशान्येस वाल्मोंतोने गाठावे, सहा क्रमांकाचा महामार्ग रोखावा आणि कासिनोकडून माघार घेणाऱ्या जर्मन दहाव्या सेनेला कोंडीत पकडावे. २३ मे रोजी जनरल ल्युसिअन ट्रस्कॉट यांच्या सैन्याने त्या दिशेने कूच केले. दोन दिवसांत वाट मोकळी होत असताना, २५ मेच्या संध्याकाळी, क्लार्क यांनी सैन्याचा मोठा भाग वायव्येस, थेट रोमच्या दिशेने वळवण्याचा हुकूम दिला. वाल्मोंतोनेकडे लहान दल राहिले. ट्रस्कॉट यांना हा हुकूम ऐकून धक्का बसला. अलेक्झांडर यांना तो अंमलात येऊ लागल्यावर कळला.

नव्या दिशेला आल्बान टेकड्यांवर प्रथम यश आले नाही. ३० मेच्या रात्री वेल्लेत्रीच्या वर मोंते आर्तेमिझिओ येथे जर्मन फळीत एक खिंडार सापडले. ते शोधणारी आणि त्यातून आत शिरणारी डिव्हिजन वॉकर यांची ३६वी होती. रॅपिडोवर मोडलेल्या डिव्हिजननेच क्लार्क यांना रोमचा रस्ता उघडून दिला. ४ जून १९४४ रोजी पाचवी सेना रोममध्ये शिरली. ५ जूनला क्लार्क यांनी कॅपिटोलिन टेकडीवर वार्ताहरांना बोलावले. दुसऱ्याच दिवशी नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरले आणि रोमची बातमी मागे पडली.

जर्मन दहावी सेना उत्तरेकडे निसटली. महामार्ग वेळीच रोखला असता तरी ती सेना संपूर्ण सापडली असती का, यावर इतिहासकारांत एकमत नाही; डोंगरातून जाणाऱ्या इतर वाटा जर्मनांना मोकळ्या होत्या. मात्र हा निर्णय वरिष्ठांच्या योजनेविरुद्ध होता आणि त्यामागे रोम आपल्याच सेनेने, नॉर्मंडीच्या आधी घ्यावे ही इच्छा होती, याविषयी फारसे दुमत नाही. क्लार्क यांनीही ती इच्छा लपवली नाही. एवढ्या झळा सोसलेल्या आपल्या सेनेचा त्या शहरावर हक्क होता, असे त्यांचे म्हणणे होते.

डिसेंबर १९४४ मध्ये अलेक्झांडर भूमध्य क्षेत्राचे सर्वोच्च सेनापती झाले आणि क्लार्क यांच्याकडे १५वा सेनासमूह आला. पाचवी आणि आठवी या दोन्ही सेना त्यात होत्या. इटलीतील शेवटची चढाई आठव्या सेनेने ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर सुरू केली. त्याच दिवशी अहमदनगर जिल्ह्यातील निमज येथील शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना नदीपार सुरक्षित पोचवून शत्रूच्या मशीनगनी एकट्याने बंद पाडल्या आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २ मे रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अंमलात आली.

ऑस्ट्रिया

१९४५ ते १९४७ या काळात क्लार्क ऑस्ट्रियातील अमेरिकी सैन्याचे प्रमुख आणि उच्चायुक्त होते. देश चार विभागांत वाटलेला होता आणि व्हिएन्नातील दोस्त परिषदेत त्यांच्यासमोर सोव्हिएत मार्शल कोनेव्ह बसत. दार्लां प्रकरणात उपयोगी पडलेली धमकावणीची रीत येथे चालणार नव्हती. प्रत्येक ठरावासाठी महिनोन्‌महिने घासाघीस करावी लागे.

वादाचा मुख्य विषय होता ‘जर्मन मालमत्ता’. पॉट्सडॅम परिषदेने पूर्व ऑस्ट्रियातील जर्मन मालमत्ता सोव्हिएत संघाला दिली होती. परंतु १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर जर्मनांनी बळकावलेले कारखाने आणि तेलविहिरी त्यात मोडतात का, हे ठरलेले नव्हते. जून १९४६ मध्ये सोव्हिएत प्रशासनाने या सर्वांवर हक्क सांगितला. जुलैमध्ये अमेरिकेने आपल्या विभागातील अशी मालमत्ता विश्वस्त म्हणून ऑस्ट्रियन सरकारच्या हाती सोपवली. लिंट्सचा पोलाद कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण होय. २८ जून १९४६ च्या नियंत्रण कराराचे महत्त्व त्याहूनही अधिक आहे. ऑस्ट्रियन संसदेचे सर्वसाधारण कायदे यापुढे चारही सत्तांनी एकमताने हरकत घेतली तरच अडणार होते. एकट्या सोव्हिएत संघाच्या हातातील नकाराधिकार यामुळे बराच बोथट झाला. १९४७ मध्ये लंडन आणि मॉस्को येथील बैठकांत ऑस्ट्रियाविषयक तहाच्या बोलण्यांत क्लार्क यांनी भाग घेतला. तह मात्र १९५५ पर्यंत होऊ शकला नाही. हा अनुभव त्यांच्या कट्टर साम्यवादविरोधाचे मूळ मानला जातो.

व्हॅटिकनची नेमणूक

२० ऑक्टोबर १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी क्लार्क यांची व्हॅटिकनमधील राजदूत म्हणून निवड जाहीर केली. अमेरिकेचे व्हॅटिकनशी पूर्ण राजनैतिक संबंध त्या वेळी नव्हते. धर्म आणि राज्यसंस्था यांच्या विभक्ततेचा भंग होतो, या कारणाने प्रॉटेस्टंट चर्चसंघटनांनी देशभर विरोध उभा केला. सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष टॉम कॉनली हेही विरोधात गेले. कॉनली टेक्सासचे होते आणि रॅपिडोची आठवण तेथे ताजी होती. जानेवारी १९५२ मध्ये क्लार्क यांनी स्वतःच आपले नाव मागे घेतले. व्हॅटिकनशी पूर्ण संबंध १९८४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रस्थापित झाले.

कोरिया

मे १९५२ मध्ये जनरल मॅथ्यू रिजवे यांच्या जागी क्लार्क संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे सरसेनापती म्हणून टोकियोत दाखल झाले. त्याच सुमारास कोजे बेटावरील छावणीत युद्धकैद्यांनी अमेरिकी छावणीप्रमुखालाच ओलीस धरले होते. युद्धकैदी हाच पुढील सव्वा वर्षाचा मध्यवर्ती प्रश्न ठरला. मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या कैद्यांना बळाने परत पाठवायचे की नाही, यावर बोलणी अडून होती. २२ फेब्रुवारी १९५३ रोजी क्लार्क यांनी आजारी आणि जखमी कैद्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव पत्राने पाठवला. स्टालिन यांच्या मृत्यूनंतर, मार्चच्या अखेरीस, तो मान्य झाला आणि कोंडी फुटली.

शेवटचा अडथळा मित्रपक्षाकडूनच आला. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना शस्त्रसंधी नको होती. १८ जून १९५३ रोजी त्यांनी सुमारे २७,००० साम्यवादविरोधी कैदी परस्पर सोडून दिले. क्लार्क यांनी कडक निषेध नोंदवला. खासगीत मात्र री यांच्या भूमिकेविषयी त्यांना सहानुभूती होती, कारण विजयावाचून युद्ध संपवणे त्यांना स्वतःलाही रुचत नव्हते. त्यांचा मुलगा याच युद्धात जखमी झाला होता. २७ जुलै १९५३ रोजी मुनसान येथे त्यांनी शस्त्रसंधीवर स्वाक्षरी केली. जय न मिळवता अशा करारावर सही करणारा आपण पहिला अमेरिकी सेनापती, ही खंत त्यांनी बोलून दाखवली.

परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांची व्यवस्था भारताच्या अध्यक्षतेखालील तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे गेली. आयोगाचे अध्यक्ष जनरल के. एस. थिमय्या होते आणि भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख मूळचे कोल्हापूर भागातील मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते. री यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे क्लार्क यांच्या सैन्याला इंचॉनच्या किनाऱ्याजवळील जहाजांवरून भारतीय तुकड्या हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात न्याव्या लागल्या.

द सिटाडेल

३१ ऑक्टोबर १९५३ रोजी क्लार्क सेनेतून निवृत्त झाले आणि मार्च १९५४ मध्ये चार्ल्सटन येथील द सिटाडेलचे अध्यक्ष झाले. १८४२ साली स्थापन झालेल्या या राज्य महाविद्यालयात विद्यार्थी गणवेशात, लष्करी शिस्तीत राहतात. त्यांच्याआधी भूसेनेचे माजी प्रमुख चार्ल्स समरॉल यांनी ही संस्था दोन दशकांहून अधिक काळ चालवली होती. नामवंत सेनापतीला अध्यक्ष नेमण्याची प्रथा येथे नवी नव्हती. समरॉल यांच्या अखेरच्या काळात संस्थेला साचलेपण आले होते. क्लार्क यांनी आपली कीर्ती निधी जमवण्यासाठी आणि विद्यार्थी आकर्षित करण्यासाठी मोकळेपणाने वापरली. प्रसिद्धीच्या ज्या हौसेवर युद्धकाळात टीका झाली होती, तिचा येथे संस्थेला लाभ झाला.

१९५४ मध्ये त्यांनी सार्वजनिक प्रश्नांवरील व्याख्यानमाला सुरू केली. १९५५ पासून सन्मानसंहिता अंमलात आली. छात्राने खोटे बोलू नये, फसवू नये, चोरी करू नये आणि असे करणाऱ्याला पाठीशी घालू नये, असा तिचा आशय असून तिची अंमलबजावणी विद्यार्थ्यांच्याच समितीकडे होती. ही संहिता आजही चालू आहे. १९५७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले.

या कार्यकाळाची दुसरी बाजू वंशभेदाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये शाळांतील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवले, तेव्हा क्लार्क यांना पदावर येऊन तीन महिनेही झाले नव्हते. पुढील अकरा वर्षांत सिटाडेलमध्ये एकाही कृष्णवर्णीय छात्राला प्रवेश मिळाला नाही. हे राज्याच्या धोरणाला धरून होते, परंतु क्लार्क यांचे स्वतःचे मतही एकात्मीकरणाला प्रतिकूल होते. ज्यांच्या पाचव्या सेनेत जपानी वंशाच्या अमेरिकनांची ४४२वी रेजिमेंट आणि कृष्णवर्णीयांची ९२वी डिव्हिजन लढली होती, त्यांच्याविषयीची ही नोंद महत्त्वाची आहे. चार्ल्स फॉस्टर या पहिल्या कृष्णवर्णीय छात्राला प्रवेश मिळाला तो १९६६ मध्ये, क्लार्क निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी.

अध्यक्षपदावर असतानाच क्लार्क यांनी दुसऱ्या हूवर आयोगाच्या गुप्तवार्ताविषयक समितीचे नेतृत्व केले. तिच्या १९५५ च्या अहवालाने गुप्तहेर यंत्रणांवर काँग्रेसची देखरेख असावी, अशी शिफारस केली. ती प्रत्यक्षात येण्यास वीस वर्षे लागली.

लेखन आणि अखेरची वर्षे

क्लार्क यांची ‘कॅल्क्युलेटेड रिस्क’ (१९५०) आणि ‘फ्रॉम द डॅन्यूब टू द यालू’ (१९५४) ही दोन पुस्तके प्रसिद्ध आहेत. पहिल्यात आफ्रिका, इटली आणि ऑस्ट्रिया, तर दुसऱ्यात कोरियातील अनुभव आले आहेत. दोन्ही पुस्तके आपल्या निर्णयांचे समर्थन करणारी असल्याने इतिहासकार ती इतर साधनांशी ताडून वापरतात.

३० जून १९६५ रोजी ते सिटाडेलमधून निवृत्त झाले आणि चार्ल्सटनमध्येच राहिले. १९६९ पासून मृत्यूपर्यंत ते परदेशातील अमेरिकी युद्धस्मारके आणि दफनभूमी सांभाळणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते. अँझिओ आणि कासिनोच्या लढायांतील त्यांचे अनेक सैनिक जेथे पुरले आहेत ती नेत्तुनोची दफनभूमीही या आयोगाच्या देखरेखीखाली होती. १७ एप्रिल १९८४ रोजी चार्ल्सटन येथे त्यांचे निधन झाले. सिटाडेलच्या आवारात, त्यांच्या नावाच्या इमारतीशेजारी त्यांची समाधी आहे. चार्ल्सटनभोवतीच्या एका द्रुतगती मार्गालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.